पानाच्या भोकातून

मी झाडावरचा रातकिडा बोलतोय. न्हाणीघरातला तो काळा मी नव्हे. मी फिकट हिरवा, पंख काचेसारखे. पण माणसांनी आम्हा सगळ्यांना एकच नाव देऊन हात झटकले आहेत.

माझे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली असतात. हसू नका. डोक्याला एवढे मोठे कान असून माणसं एकमेकांचं किती ऐकतात, ते मी रोज पाहतो.

माझ्या आईने मंगळवेढ्यात जास्वंदीच्या फांदीत अंडी घातली. रंभाबाईंनी त्याच फांदीची काडी माहेराहून सोलापूरला आणली आणि गच्चीवरच्या डब्यात लावली. तिथे मी जन्मलो. भावंडं पालीने खाल्ली. माझ्या जातीचं इथे दुसरं कोणी नाही.

आमच्यात नर गातो. मादीला आवाज पसंत पडला तर ती येते. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, त्यात माझा आवाज लहान. म्हणून मी एका पानाला मधोमध भोक कुरतडलं आणि त्यात उभा राहून, पंख पानाला टेकवून गाऊ लागलो. पान कर्ण्याचं काम करतं. आमचं आयुष्य एका हंगामाचं. थंडीआधी कोणी आलं नाही, तर सगळं गाणं वाया.

कोणी आलं नाही. ऐकलं ते रंभाबाईंच्या नवऱ्याने. रेवणप्पांचे कान मागावर काम करून गेलेले. लेकीने त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं होतं.

"अगं, हे मशीन शिट्टी मारतंय."

"तुमच्या कानात बसून ते तरी काय करंल बिचारं!"

मशीन काढलं की शिट्टी बंद, घातलं की सुरू. रेवणप्पा दुकानदाराशी यथेच्छ भांडून आले. मग एका संध्याकाळी ते जास्वंदीजवळ आले. पावलांनी डबा हादरला, मी गप्प झालो. ते थांबले. मला राहवेना, पुन्हा सुरू केलं.

"अगं ए, मशीन चांगलं हाय की! झाडात कोण तरी हाय."

रंभाबाईंनी भोकाचं पान पाहिलं. "कीड हाय ती. तंबाखूचं पाणी मारते."

"मारू नको. लई दिवसांनी काय तरी गोड ऐकू येतंय."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला माझ्यासमोर खुर्ची येते.

रंभाबाईच एकदा म्हणाल्या, "अवो, एकटंच वरडतंय. त्याला जोडीला कोण न्हाय हितं. आमचा भिमा मंगळवेढ्याला निघालाय, डबा द्या त्याच्यासंगं. भाऊ हाय माझा, नीट रानात ठेवंल."

रेवणप्पांनी मशीन चाचपलं. "उद्या बघू."

असे बरेच उद्या गेले. आता थंडी पडू लागली आहे. गारठ्यात आमचे पंख सावकाश हलतात. काल रेवणप्पा खुर्चीत रेलून म्हणाले, "आता कसं निवांत गातंय!"

रेवणप्पा, हे निवांतपण नव्हे. तुम्ही ऐकलंत, उपकार झाले. पण मी तुम्हाला बोलवत नव्हतो. भिमा पुन्हा आला आहे, खाली चहा घेतो आहे. डबा फार जड नाही. आजचं ऐकून झालं, की तेवढा खाली नेऊन द्या.