डब्याच्या जागी बादली

मोठ्या बाईंनी फरशी पुसायची बादली खुर्चीवर उपडी ठेवली आणि तिच्यापुढे वाकून नमस्कार केला.

"असा," त्या तिसरीच्या मुलांना म्हणाल्या. "घाई करायची नाही. वाकायचं, मनात तीन अंक मोजायचे, आणि मग म्हणायचं..."

"देशासाठी एक घोट!" सत्तावीस मुलं ओरडली.

"अरे, वाकल्यावर! आधी नाही!"

गेले चार दिवस हे चाललं होतं. बादली होती डब्याच्या जागी. खरा डबा, माणसाच्या उंचीचा, कंपनीचा माणूस उद्या घेऊन येणार होता. ही कंपनी दूध पावडर विकायची. यंदा तिने आपल्या डब्यांना राष्ट्रध्वजाचे रंग दिले होते, आणि जाहिरातीच्या फोटोसाठी तिला त्या डब्यापुढे वाकलेली शाळकरी मुलं हवी होती. बदल्यात ती तिसरीच्या वर्गाचं छप्पर नवं करून देणार होती. पाऊस आला की निम्मी तिसरी उठून दुसरीच्या वर्गात जाऊन बसे, आणि दुसरीचे पाढे ऐकून आपले विसरे. छपरासाठी मोठ्या बाईंनी चार वर्षं अर्ज केले होते. उत्तर एकाच अर्जाचं आलं, तेही दुसऱ्याच शाळेच्या नावाने.

"बाई, जरा बोलायचं होतं."

दारात शिंपी उभा होता. गळ्यात मापाची टेप तशीच. कुणाला तरी दुकानात अर्ध्या मापावर सोडून आलेला.

"तास चालू आहे."

"दिसतंय ते." त्याची नजर बादलीवर होती. "काल आमच्या बारकीनं न्हाणीघरातल्या बादलीला नमस्कार घातला. मी टॉवेल धरून उभा, आणि ही वाकलेली."

वर्ग खिदळला. दुसऱ्या बाकावरच्या बारकीने दप्तरात तोंड खुपसलं. मोठ्या बाईंनी सगळ्यांवर एक नजर टाकली आणि शिंप्याला व्हरांड्यात नेलं.

"अहो, सराव आहे तो. लहान पोर, घरी करून बघितलं असेल."

"आमच्यात डोकं फक्त देवापुढे वाकतं. आमची थोरली मुलगी इथे शिकत होती, तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं. लक्षातही आहे. पण त्या बादलीला इथे कोण देव म्हणतंय? ती नुसती डब्याच्या जागी आहे."

"आणि डबा कुणाच्या जागी?"

"झेंड्याच्या."

"झेंडा आहे की शाळेत! रोज चढवता. बारकी त्याच्यापुढे ताठ उभी राहते, गाणं म्हणते. मी कधी चकार शब्द काढला? मग मधे हा डबा कशाला?"

मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं. एकीकडे कंपनीचा माणूस दिवसातून तीनदा फोन करून मुलांचे गणवेश इस्त्रीचे आहेत ना, असं विचारत होता, दुसरीकडे हा.

"तुमच्या दुकानाच्या पाटीलाही तेच रंग आहेत. ते चालतं?"

"पाटीपुढे मी गिऱ्हाइकाला वाकायला लावत नाही."

"मग छपराचं काय करू, तेही सांगा. बरोब्बर थेंबाखाली कोण बसतं, माहीत आहे? तुमची बारकी."

टेपचं टोक शिंप्याने बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"छप्पर व्हावं," तो शेवटी म्हणाला. "पण तिला त्यातून वगळा. मी काही भांडायला आलो नाही."

"छे, भांडायला कशाला! माप घ्यायला आला असाल."

तो हसला नाही. फोटोच्या वेळी बारकीने व्हरांड्यात बसायचं ठरलं, तेव्हाच तो पायरी उतरला. वर्गात परतल्यावर बाईंनी बादली इतक्या जोरात आपटली की सराव त्या दिवशी पहिल्यांदाच शांततेत झाला.

दुसऱ्या दिवशी डबा आला. पुठ्ठ्याचा, चकचकीत. त्यावरच्या ध्वजाच्या मधोमध ठळक अक्षरांत छापलं होतं: दोन डब्यांवर एक चमचा मोफत.

"बाई," पुढच्या बाकावरून आवाज आला, "झेंड्यावर काही लिहायचं नसतं ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"तो झेंडा नाही. डबा आहे," मोठ्या बाई पटकन म्हणाल्या. आपलंच बोलणं कानावर पडलं, तशा त्या थबकल्या.

कंपनीच्या माणसाला वेळ नव्हता. अजून दोन शाळा व्हायच्या होत्या. त्याने मुलांना तीन रांगांत उभं केलं, पण कुणी लवकर वाके, कुणी उशिरा, कुणी वाकून शेजाऱ्याकडे बघून हसे.

"मॅडम, तुम्हीच पुढे होऊन एकदा करा बरं. मुलं तुमचं बघून करतील."

मोठ्या बाई डब्यासमोर उभ्या राहिल्या. मागे सव्वीस मुलं. खिडकीतून व्हरांड्यातली बारकी दिसत होती. कठड्यावर बसून ती पाय हलवत होती.

एक, दोन, तीन अंक होऊन गेले.

"काय झालं, मॅडम?"

"कंबर धरलीय."

"आत्ता?"

"आत्ताच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कंबरेवर हात ठेवला.

मागे सव्वीस हात सव्वीस कंबरांवर गेले. रांगा ताठ उभ्या राहिल्या.

"अरे, तुम्ही वाका ना!"

"आमचीपण धरलीय," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या माणसाने कॅमेरा खाली घेतला. मुलांकडे, मग बाईंकडे पाहिलं.

"मॅडम, छपराचं मग अवघड होईल. मी वर काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

मग डबा काखेत मारून तो दारातून तिरका काढत बाहेर पडला. बाहेर ढग उतरून आले होते. वर्गात अंधारलं.

"चला," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकं भिंतीकडे घ्या. अभ्यास नंतर."

बारकी धावत आत आली आणि आपल्या बाकाचं एक टोक ओढू लागली. बाक हलेना. दुसरं टोक उचलायला मोठ्या बाई वाकल्या.