बासरीखाली गेलेला आवाज

सिनेमा अकराला होता, आणि छावणीतल्या घरापासून त्या हॉलपर्यंत रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं लागतात. तरी पारूबाईंनी नऊलाच नवऱ्याला इस्त्रीचा सदरा घालायला लावला. त्यांना दम कुठला निघायला!

सिनेमा त्यांच्या नवऱ्यावरच काढलेला होता. सर्जेराव म्हणजे कन्नडला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपांच्या अड्ड्यावर पॅसेंजर बोलावणारा माणूस. तीस वर्षं हाच धंदा. "चला कन्नड कन्नड कन्नऽऽड! येरूळ, हतनूर, कन्नऽऽड! दोनच शिटा, दोनच शिटा!" जीप अख्खी रिकामी असली तरी दोनच शिटा. आवाज असा खणखणीत, की रस्त्यापलीकडचा माणूस पिशवी उचलून यायचा, जीपमध्ये बसायचा, आणि मग त्याला आठवायचं की आपल्याला जायचंय पैठणला.

तो आवाज आठ महिन्यांपूर्वी गेला. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला याचंच पारूबाईंना इतकं अप्रूप, की पहिले दोन महिने त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मग एका दुपारी भांडी घासता घासता त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला तो आवाज नीट आठवेनासा झालाय. बाई घाबरली. घरातले सगळे मोबाइल धुंडाळून झाले. पण रोज कानीकपाळी ओरडणाऱ्या माणसाला कोण कशाला साठवून ठेवतं? भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत सर्जेराव तावातावाने बोलताना दिसत होते, तर शूटिंगवाल्याने वरून सनई चढवलेली.

राहिला हा सिनेमा. दोन वर्षांपूर्वी ऋतुराज नावाचा इथलाच मुलगा, पुण्याला सिनेमाचं शिकणारा, आठ दिवस कॅमेरा घेऊन अड्ड्यावर ठाण मांडून बसला होता. पोरगं गुणाचं. दुपारी पारूबाईंच्या घरी जेवायला यायचं, ताट स्वतः उचलून ठेवायचं. परवा त्याचा फोन आला, "काकू, फिल्म तयार झाली, दोघंही या." पारूबाईंनी त्याला ऑपरेशनचं सांगितलं नाही. त्यांना विचारायचं होतं ते एवढंच, की ह्यांचा आवाज आहे ना त्यात? पण तेही त्यांनी विचारलं नाही. नाही म्हणाला तर?

हॉलच्या दारात ऋतुराज दोघांच्या पाया पडला. "काका, कसे आहात?"

सर्जेरावांनी गळ्याभोवतीच्या रुमालाकडे बोट केलं.

"आवाज गेला बाबा ह्यांचा," पारूबाई म्हणाल्या. "कायमचा. म्हनून तर सकाळधरून तयार होऊन बसलो. आज ऐकायला भेटंल."

ऋतुराजचा चेहरा पडला. पारूबाईंना वाटलं, पोराला काकांचं वाईट वाटलं. वाईट वाटलंच होतं, पण आणखी कशाचं, ते त्यांना आत बसल्यावर कळलं.

पडद्यावर पहाट झाली. धुकं आलं. सर्जेराव एका दगडावर बसून दूर कुठंतरी बघत होते. आता हा माणूस जन्मात कधी असा बसला नव्हता. बसला की तंबाखू मळायचा, नाहीतर ड्रायव्हरला शिव्या घालायचा. असो, पारूबाईंनी मनाशी म्हटलं, सुरुवात आहे. मग सर्जेराव उठले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, मानेच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून बासरी वाजली.

पारूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. पुढच्या वेळी येईल. पुढच्या वेळी बासरीच्या जोडीला एक बाई आ-आ करायला लागली. माणसं संथ चालीत जीपमध्ये चढली. तिसऱ्या वेळी कुणी जाड्या आवाजाचा गृहस्थ म्हणाला, "हा माणूस सगळ्यांना त्यांच्या गावी पोचवतो. त्याला स्वतःला मात्र गाव नाही."

गाव नाही म्हणजे? कन्नडजवळ दोन एकर आहे चांगली विहिरीची!

चाळीस मिनिटांत सर्जेरावांनी अकरा वेळा तोंड उघडलं. पारूबाईंनी मोजलं. अकराही वेळा आवाज आला नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, एकदोघींनी डोळे पुसले. सर्जेराव मात्र खूश होते, आपण पडद्यावर बरे दिसतो म्हणून.

हॉलच्या पायऱ्यांवर सावली होती. पारूबाईंनी तिथंच डबा उघडून नवऱ्यापुढे ठेवला. वरणभात मऊ कालवलेला. सर्जेरावांना आता तसंच लागायचं. ऋतुराज येऊन एक पायरी खाली बसला.

"काकू, नाही ना आवडली?"

"दिसायला लई चांगलाय. पन ह्यांचा आवाज कुठं ठिवलास रं?"

ऋतुराज म्हणाला, "मला वाटलं, तो आवाज तर सगळ्यांनी ऐकलेलाच आहे. तो काढला की लोक काकांकडे नीट बघतील. मला त्या गोंगाटातली शांतता दाखवायची होती."

"शांतता आमच्या घरी लई हाय, लेकरा," पारूबाई म्हणाल्या. "ती बगायला रिक्षा करून कशाला येऊ?"

त्यांना रागावायचं नव्हतं. पोरगं रडकुंडीला आलं होतं. "चुकलं माझं," तो म्हणाला, "पण मूळ आवाज मी पुसलेला नाही." त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला, गुडघ्यावर धरला आणि पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी मेघाचा आवाज आला. ती त्याच्याबरोबर माइक घेऊन आलेली मुलगी. "काका, आवाज तपासायचाय. काहीपण बोला. सकाळी काय खाल्लं ते सांगा."

कुणीतरी घसा खाकरला. त्या खाकरण्यानेच पारूबाई लॅपटॉपकडे वाकल्या.

"काय खानार? भाकर आन् आमटी. आमटी खारट व्हती. रोजच खारट ऱ्हाती."

"मग सांगत नाही का काकूंना?"

"सांगून मरू का? मी आपला दोनदा मागून घेतो. तिला वाटतं मला लई आवडती. वाटू दे. खूश ऱ्हाती बिचारी. ए, कुठं चालला? चला कन्नड कन्नड कन्नऽऽड!"

लॅपटॉपचा इवलासा स्पीकर तडतडला. फाटकाशी उभा असलेला रिक्षावाला वळून बघायला लागला. पारूबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या रडल्या, पोटभर, लाजलज्जा न ठेवता. मग डोळे पुसून त्या नवऱ्याकडे वळल्या.

"इतकी वर्सं खारट खाल्ली? आन् सांगितलं नाय? तोंड व्हतं ना तवा!"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. आठ महिन्यांत त्या ह्या माणसाशी एकदाही भांडल्या नव्हत्या. ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याशी कसं भांडायचं? पाहुण्यासारखं जपलं होतं त्याला. हवं नको विचारायचं, मान डोलावायची, पुरे. घर त्यामुळे आणखीच गप्प झालं होतं.

सर्जेरावांनी चमचा खाली ठेवला. पुढ्यातल्या डब्याकडे बोट केलं, तीन बोटांची चिमूट करून मीठ टाकल्यासारखं केलं, आणि असं तोंड वाकडं केलं की ऋतुराजलाही हसू आवरेना. आजचंसुद्धा!

"मंग खाऊ नगा!" पारूबाई कडाडल्या आणि त्यांनी डबा हिसकून घेतला.

सर्जेरावांनी तो परत ओढला.