कुंडी होता होता

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि अगदी थोडक्यात वाचलेली आहे. मोठ्या शहराच्या मधोमध एक बाग आहे, बागेत तलाव आहे, आणि तलावाच्या धक्क्याला मी बांधलेली असते. रंग हिरवा, आणि नाकावर फुलांची एक इवलीशी कुंडी. ती तिथे कशी आली, तेच सांगते.

मला घडवलं एका सुतारानं आणि एका नावाड्यानं मिळून. सुतारानं फळ्या वाफेवर वाकवून जोडल्या. नावाड्यानं त्यांच्यामधल्या फटींत कापूस ठासला, वरून डांबर भरलं. "हिचं पोट मोठं ठेव बाबा," तो सुताराला म्हणाला होता, "माणूस ऐसपैस बसला पाहिजे." म्हणून मी जरा बसकी झाले. वेगानं धावणं मला कधी जमलं नाही. पण माझ्यात बसलेल्याच्या हातातला चहा कधी हिंदकळला नाही, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगते. छाती मला आहे, हात तेवढे नाहीत.

थंडी ओसरली, झाडांना कोवळी, तांबूस पालवी फुटली, की सगळं शहर बागेत येऊन सांडायचं. उंच इमारतींतली माणसं बूट-मोजे काढून गवतात पाय पसरायची. सायकलींच्या घंटा, चेंडूमागची पळापळ, दोरीवरच्या उड्या. कचेरीतले साहेब झाडाखाली डबा उघडायचे आणि तिथेच तोंडावर रुमाल टाकून घोरायचे. माझ्यापुढे रांग लागायची. "हिरवी होडी द्या हो काका," लोक नावाड्याला म्हणायचे, आणि मी आतल्या आत फुलायचे.

पण ऋतूतली पहिली फेरी कुणा गिऱ्हाइकाची नसे. बागेचं फाटक उघडण्याआधी नावाडी आपल्या बायकोला माझ्यात बसवी आणि वल्ही मारता मारता गुणगुणे:

सर रे पाण्या, वाट दे,
दमल्या हाताला लाट दे.

मग एका हिवाळ्यात नावाडी गेला. पुढच्या वसंतात मला शेडमधून कुणी बाहेर काढलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धक्का आता त्याची सून सांभाळत होती. कामाला वाघीण. तिनं पायानं चालवायच्या, बदकाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या होड्या आणल्या. पोरं त्यांच्यावर खूश होती. मी शेडच्या फटीतून बघायचे आणि वाळत जायचे.

नावाड्याची बायको, म्हणजे तिच्या सासूबाई, रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. पाण्यावर मात्र पुन्हा गेल्या नव्हत्या.

"आई, चला ना एक चक्कर. पाय मी मारते, तुम्ही नुसत्या बसा."

"बदकाच्या पोटात बसायची हौस नाही मला," सासूबाई म्हणायच्या. "डोळे बघ त्याचे. मेलं माझ्यावरच रोखलेले."

सून हसायची, पण तिला ते लागून राहिलं होतं. यंदा पालवी फुटली तशी तिनं मला बाहेर ओढलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि पाण्यात लोटलं. सासूबाई नवी साडी नेसून धक्क्यावर उभ्या होत्या. आणि माझ्या प्रत्येक फटीतून पाणी आत शिरलं. सुनेचे घोटे बुडाले. तिनं कसंबसं मला काठावर ओढून घेतलं.

"फुटकी आहे, आई," ती म्हणाली. तिला मान वर करवत नव्हती. "चाळणीला रंग लावत बसले मी."

मी फुटकी नव्हते, मित्रांनो. मी तहानलेली होते. लाकूड वाळलं की आक्रसतं. नावाडी दरवर्षी पालवी फुटायच्या सुमारास पहाटे एकटाच यायचा, मला पाण्यानं भरून ठेवायचा. काही दिवसांत लाकूड फुगायचं, फटी मिटायच्या. त्यानं हे कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलणार कशी?

सुनेनं ठरवलं, मला काठावरच ठेवून माती भरायची, फुलं लावायची.

"बरं होईल," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्यांपुढे तरी राहील." डब्याचं झाकण मात्र त्यांच्याकडून नीट लागेना.

हातभर अंतरावर पाणी, आणि माझी व्हायची कुंडी. बागेतल्या माळीकाकांनी फुलांची रोपं छोट्या कुंड्यांसकट आणून माझ्या पोटात मांडली. माती तेवढी बाकी होती.

"उद्या आणतो," ते म्हणाले.

माळीकाकांचा उद्या, मित्रांनो, फार लांबचा असतो. तोवर रोपं वाळू नयेत म्हणून सून सकाळ-संध्याकाळ नळी लावून माझ्यात पाणी सोडायची. खालून धारा लागायच्या. "चला, कुंडीला भोकं पाडायचं काम वाचलं," ती म्हणायची. मी एकेक घोट पीत होते. धारांचे थेंब झाले. थेंबही थांबले.

आणि एका सकाळी सून पाहते तर रोपं आपल्या हलक्या कुंड्यांसकट पोहत होती.

"आता पाणी का अडवलंस गं बाई?" ती मला म्हणाली. "जेव्हा नको होतं तेव्हा चाळणी, आणि आता बादली." तेवढ्यात सासूबाई आल्या. "बघा ना आई, हिच्यातून पाणी जाईचना. रोपं कुजतील आता."

सासूबाई वाकल्या. माझ्या पोटाखालून हात फिरवला. हात कोरडा.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "आतलं बाहेर जात नाही, तर बाहेरचं आत कसं येईल?"

सुनेनंही खालून हात फिरवून पाहिला.

"दरवर्षी या दिवसांत हे ओल्या पँटनं घरी यायचे," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणायची, या वयात पाण्यात पडता की काय. नुसते हसायचे लबाड."

रोपं उतरवली, पाणी उपसलं, मला तलावात ढकललं. एक थेंब आत आला, रेंगाळला, आणि त्याच्यामागून दुसरा आलाच नाही. सासूबाईंनी पदर खोचला आणि माझ्यात बसल्या. नवी साडी नव्हती, घरातलीच होती. सून वल्ही मारू लागली, आणि थोडं आत गेल्यावर मागून सूर आला, जरा थरथरता:

सर रे पाण्या, वाट दे...

काठावर एक साहेब घोरायचा थांबला. सासूबाईंनी जाताना एक रोप उचलून माझ्या नाकावर ठेवलं होतं. "कुंडी व्हायचं होतं ना तिला, थोडीशी होऊ दे," त्या म्हणाल्या.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरीही कोपऱ्यात काहीतरी वाळत पडलं असेल. ते निकामी झालंय असं म्हणण्याआधी चार दिवस त्याच्याजवळ बसा, थोडं पाणी घालून बघा. आणि घरातलं माणूस पँट ओली करून आलं, तर का ते नक्की विचारा.