एका बरणीतले दोन शार्क

संग्रहालयाच्या तळघरात दादांचा दरारा असा, की स्पिरिटमधले मासेही त्यांना पाहून पोट आत घेत. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीने समुद्रावरून दोन कंदील शार्क आणले. खोल काळोखात पोटाशी उजेड बाळगणारे, वीतभर लांबीचे. दोन वेगळ्या जाळ्यांत सापडलेले.

"दादा, या दोन जाती आहेत."

दादांनी पट्टी लावली, काटे मोजले, कल्ल्यांच्या फटी मोजल्या. "एकाच माळेचे मणी! बोटीवर ऊन लागलंय तुला."

"मोजू नकोस, हात लावून बघ."

"हात लावून भाजी घेतात, बाई!"

सगळे हसले. त्या हशाच्या भरात दादांनी दोन्ही शेपट्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या सोडवून केराच्या टोपलीत टाकल्या आणि मासे एकाच बरणीत कोंबले. धाकटी तेवढी हसली नाही. त्यानंतर तिने तळघराची पायरी उतरली नाही, की दादांशी शब्द बोलली नाही.

परवा ती बरणी गळू लागली. चष्मा वरच्या मजल्यावर राहिलेला, म्हणून दादांनी चाचपडतच मासे बाहेर काढले. अंगठा शेपटीकडून डोक्याकडे फिरला आणि थबकला. एकाचे खवले कंगव्याच्या दातांसारखे ओळीत. दुसऱ्याचे कुणीतरी मूठभर वाळू भिरकावल्यासारखे. दहादा फिरवला अंगठा. दहादा तेच.

त्यांनी फोन लावला.

"दादा बोलतोय."

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं. तुझं खरं होतं. दोन जाती आहेत."

मग तिने विचारलं, "कोणता कुठला?"

दादांनी दोन्ही शेपट्या उलटसुलट करून पाहिल्या; दोन्ही मोकळ्या. कुठल्या जाळ्यात, किती खोलात, सगळं त्या चिठ्ठ्यांवर होतं. त्याशिवाय या दोन जाती आहेत, हे कोण मानणार?

"पुन्हा जाऊन पकडता येतील की."

"ती बोट भंगारात गेली, दादा. माझे गुडघेही तिच्यामागोमाग निघालेत."

"मग चिठ्ठीवर काय लिहू?"

"खरं ते लिही. आणि हात धू आधी, स्पिरिट डोळ्यांत जाईल."

"गेलंच," दादा म्हणाले.

मग त्यांनी दोन चांगल्या बरण्या धुऊन घेतल्या. दोन्ही शेपट्यांना नव्या चिठ्ठ्या बांधल्या. दोन्हींवर मजकूर एकच: 'वेगळा ओळखला धाकटीने. कुठे सापडला, ते माझ्यामुळे माहीत नाही.'