काकांनी गुंडाळून ठेवलेला मदरबोर्ड

मी मदरबोर्ड बोलतोय, एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातला. आधीच सांगून ठेवतो, माणसांच्या हातांवर माझा विश्वास नाही.

माझी उमेदीची वर्षं एका छापखान्यात गेली. कुठल्या मापाचा कागद कसा कापला तर कमी वाया जाईल, हे गणित मी चुटकीसरशी सोडवायचो. माझ्यावरच्या एका चिपमध्ये ते भरलेलं होतं. छापखान्याचे मालक, म्हणजे काका, येईल त्याला सांगायचे, हे मी लिहिलंय. त्यांची बहीण शेजारच्या टेबलावर प्रुफं तपासत असायची. ती काही बोलायची नाही.

नवे कॉम्प्युटर आले तसं काकांनी मला प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून माळ्यावर टाकलं. धूळ बसू नये म्हणून, म्हणे. वर ताकीद, कुणी हात लावायचा नाही. माझ्या अंगावरची बॅटरी तेवढी काढली नाही. ती पाझरली आणि माझ्या तांब्याच्या वाटा हिरव्या पडून कुरतडल्या गेल्या. ही माया होती की मला मुकं करायचा बेत, कोण जाणे.

वीस-बावीस वर्षांनी काकांच्या पुतणीनं मला खाली काढलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, जिभेला धार. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर बघून मनात म्हटलं, आली चिपा उपटून विकायला. तिनं तर माझ्यावर व्हिनेगर सोडलं. मी काय काकडी आहे? पण थेंब फसफसले आणि बॅटरीचा खार सुटू लागला. मग दातांचा जुना ब्रश, स्वच्छ पाणी, स्पिरिट. दोन दिवस पंख्यासमोर वाळवलं. तुटलेल्या वाटेवर केसाएवढी तार डाख देऊन जोडली.

काका दारातून म्हणत राहिले, फुकट दमतेस, मेलंय ते. आणि ते गणित मीच लिहिलं, तुझी आत्या नुसती टाइप करायची.

"आत्या बोलत नाही, तुम्ही फार बोलता," पुतणी म्हणाली. "आता याला बोलू द्या."

पुतणीनं पडदा आणि कीबोर्ड जोडला, अंगात वीज आली. मी जागा झालो. मूळ गणित उघडायला परवलीचा शब्द लागतो, लिहिणाऱ्यानंच ठेवलेला. तो मी मागितला. पुतणीनं कीबोर्ड काकांपुढे सरकवला. त्यांनी छापखान्याचं नाव टाकलं, मग स्वतःचं, मग जन्मतारीख. मी तिन्ही वेळा नकार दिला. मग त्यांनी चष्म्याला दोष दिला.

कोपऱ्यात बसलेली आत्या उठली. बोटांकडे न बघता तिनं सात अक्षरं दाबली. मी उघडलो.

ओळी वाचता वाचता ती एका जागी थांबली. "इथे चूक राहिली होती," ती पुतणीला म्हणाली. "तेव्हाच लक्षात आलं होतं. पण सांगणार कुणाला? गणित माझं नव्हतंच ना."

काका चष्मा पुसत बाहेर गेले.

हल्ली मी टेबलावर उघडा असतो. आत्या रोज तासभर माझ्यासमोर बसते. काका येतात, लांबून बघतात, माझ्या तब्येतीची चौकशीही करतात. पुतणीला एवढीच विनंती, त्यांना माझ्याजवळ एकटं सोडू नकोस.