प्रभुभोजन अर्ध्यात सोडायचं नसतं

पाळक शमुवेल त्रिभुवन हा नियमाचा माणूस होता. अशा माणसाचा लोकांना आधार वाटतो आणि थोडी भीतीही वाटते. करमाडच्या अलीकडे, जालना रस्त्याला लागून त्याची वस्ती होती. तीसेक घरं, सगळी आज्याच्या वेळी ख्रिस्ती झालेली. चर्च म्हणजे मातीच्या भिंतींची, पत्र्याची एक लांबट खोली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथं प्रभुभोजन व्हायचं, गव्हाची भाकर आणि मनुकांचं पाणी.

त्याचे दोन नियम वस्तीतल्या पोराटोरांनाही पाठ होते. ज्याच्या मनात कुणाबद्दल वैर असेल त्यानं आधी जाऊन समेट करायचा, नाहीतर भाकर मोडायच्या आत सगळ्यांदेखत उठून बाहेर जायचं. हा पहिला. दुसरा स्वतः पाळकासाठी होता. एकदा भाकर मोडली की शेवटच्या माणसाच्या हातात तुकडा पडेपर्यंत पाळकानं मेज सोडायचं नाही. त्याची बायको पहिल्या खेपेला अडली होती तेव्हा धावत निरोप आला, पण हा भाकर वाटत राहिला. बायको वाचली, मूल वाचलं नाही. दोन वर्षांनी बायकोही तापानं गेली. लोक मात्र त्या रविवारचं अजून कौतुक करायचे. कौतुक करणाऱ्याचं काय जातं?

सन अठ्ठेचाळीसच्या ऑगस्टात रझाकारांची लॉरी वस्तीवर आली. शमुवेलचा बाप कडूबा निजामाविरुद्ध लढणाऱ्या, सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या पोरांना भाकऱ्या पोचवतो, अशी कुणीतरी खबर दिली होती. खबर खरी होती. म्हाताऱ्याला आणि वस्तीतल्या आणखी तिघांना लॉरीत घातलं आणि लॉरी जकात घेणाऱ्या करोडगिरी नाक्यावरून गेली. नाक्याचा शिपाई नबीसाब यानं आडवा बांबू वर केला, लॉरी गेल्यावर खाली केला. नबीसाब वीस वर्षं त्या नाक्यावर होता, कडूबाच्या हातची तंबाखू खाल्लेला माणूस. चार दिवसांनी कडूबा एका पडक्या विहिरीत मेलेला सापडला, बाकीचे तिघं परत आलेच नाहीत.

म्हणून सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज औरंगाबादेत शिरली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य कोसळलं, तेव्हा शमुवेलनं जो उपदेश केला तो ऐकताना सगळी मंडळी रडली. त्याचे विचार जुन्या वळणाचे आणि पक्के होते. फौज आली हे पाप नव्हे, न्याय आहे, असं तो म्हणाला. "माझ्या गालावर कुणी मारलं तर मी दुसरा गाल पुढं करीन. मला प्रभूनं तेच शिकवलंय. पण कुणी शेजाऱ्याच्या लेकीला फरफटत नेलं, तर शेजाऱ्याचा गाल पुढं करायचा हक्क मला कुणी दिला? दुष्टाला आवरायला देवानं राज्यकर्त्याच्या हातात तलवार दिलीय. ती शोभेला नाही दिली. जुलमी राज्यावर ती चालली तर तिच्यामागं देवाचाच न्याय असतो." पहिल्या रांगेत त्याचा धाकटा भाऊ बन्सी बसला होता. मूठ मांडीवर दाबून तो एकेक शब्द ऐकत होता.

त्यानंतरच्या गुरुवारी नबीसाब आला. अंगात नाक्याचा खाकी सदरा नव्हता, बायकोच्या लुगड्याचा तुकडा खांद्यावर होता. रस्त्यावर त्या दिवसांत कुऱ्हाडी घेतलेली टोळकी फिरत होती. कोण रझाकार आणि कोण नुसता मुसलमान, हे विचारत बसायला कुणाला सवड नव्हती. नबीसाब शमुवेलच्या उंबऱ्यावर बसला आणि खाली मान घालून बोलला.

"पाळकसाब, तुमारे बाप के वास्ते मैं बांबू उठाया. मेरेकू मालूम है. फिर बी तुमारेच पास आया. दुसरा दरवाजा नै मेरेकू."

 या माणसाचा गळा धरावा असं शमुवेलला वाटलं, अगदी दोन्ही हातांनी. पण नियमाचा माणूस. त्यानं नबीसाबला चर्चपासून शेतभर लांब असलेल्या धान्याच्या खोलीत नेलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. शुक्रवारी सायकल मारत तो औरंगाबादेत फौजेच्या छावणीत गेला. तिथल्या सुभेदारानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, परवा दुपारी बारापर्यंत गाडी येईल, माणसाला इथं आणू, पुढं काय ते चौकशी होईल. शमुवेलला केवढं हायसं वाटलं. त्यानं जे सांगितलं होतं तेच घडत होतं. ज्याच्या हाती तलवार, तोच न्याय करणार होता. आता फक्त रविवारचे बारा वाजेपर्यंत नबीसाब जिवंत राहायला हवा होता.

इथं गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं. पण रविवारी प्रभुभोजन होतं. सख्ख्या भावापासून असली गोष्ट लपवून मेजापाशी उभं कसं राहायचं, हा प्रश्न त्याला शनिवारभर कुरतडत राहिला. दुसऱ्या कुठल्या माणसाला असला प्रश्न पडलाही नसता. संध्याकाळी बन्सी बैलांना पेंड घालत होता, तिथं जाऊन त्यानं सांगून टाकलं.

बन्सीच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. "कुठं हाय?"

"धान्याच्या खोलीत. उद्या मिलिटरीची गाडी येतीय. मनातलं वैर काढून टाक बन्सी, तेवढ्यासाठी आलोय."

"दादा, तूच म्हनला व्हता ना, तलवार देवाची हाय?"

"सरकारच्या हातातली. तुझ्या-माझ्या नाय. आपण हातात घेतली की तिला खून म्हणतात."

"आन सरकारनं सोडून दिलं त्याला, तर?"

"तर सोडलं. तो न्याय आपला नाय."

"आपला बाप तरी आपला व्हता का?" बन्सी म्हणाला. मग त्याला रडू आलं. मोठा, दांडगा माणूस बैलाच्या पाठीवर डोकं टेकून रडला. शमुवेलनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बघतो," बन्सी म्हणाला. शमुवेलला ते पुरेसं वाटलं. रडणारा माणूस वितळलेला असतो, असा त्याचा समज होता.

रविवारी दहाला उपासना सुरू झाली. चर्च भरलं होतं. गीतं झाली, उपदेश झाला. शमुवेल मेजामागं उभा राहिला आणि भाकरीवरचं फडकं काढून त्यानं नेहमीची सूचना दिली. ज्याच्या मनात वैर आहे त्यानं आता बाहेर जावं.

बन्सी उठला. त्याच्यामागं आणखी तिघं उठले. त्या तिघांच्याही घरून कुणी ना कुणी त्या लॉरीत गेलेलं होतं. दारापाशी बन्सीनं एकदा वळून भावाकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. खोटं बोलून भाकर खायची नाही, एवढा मान त्यानं नियमाचा राखला होता. चौघंही प्रामाणिक माणसं. दार लागलं.

अजून भाकर मोडली नव्हती. हे शमुवेलला पुढं आयुष्यभर आठवणार होतं. तो एक क्षण होता, फडकं हातात होतं आणि कुठलाच नियम त्याला अडवत नव्हता. पण चाळीस-एक माणसं त्याच्याकडं बघत होती. किल्ली आपल्या खिशात आहे, दार बाभळीचं आहे, साडेअकरा होत आलेत, असा त्यानं मनाशी विचार केला. भाऊ बाहेर जाऊन झाडाखाली बसेल, तंबाखू मळेल, रागाचा जोर ओसरेल. अशी स्वतःची समजूत काढत त्यानं भाकर उचलली आणि मोडली.

लोक ओळीनं पुढं येऊन गुडघे टेकू लागले. तो तुकडा देई, ठरलेले शब्द म्हणे. शब्द घाईनं येऊ लागले होते. निम्मी ओळ झाली तेव्हा त्याची आई आवडाबाई समोर आली. तिनं हात पुढं केला, तुकडा घेतला, पण तोंडात घातला नाही.

"शमू," ती खालच्या आवाजात म्हणाली, "कुऱ्हाड जागंवर नव्हती सकाळी. बन्सीनं नेली, रातीच त्यानं मला समदं सांगितलं व्हतं. म्या पाह्यलं आन गप ऱ्हायले. माझ्या बी मनात तेच व्हतं."

शमुवेलचा हात थांबला.

"आता नाय ऱ्हायलं," ती म्हणाली. "इथं टेकले आन नाय ऱ्हायलं. जा तू. अजून टाईम हाय. पळ."

"आई, भाकर मोडलीय."

"म्हनून काय? पळ की रं."

मागं एकोणीस माणसं होती. त्यानं मोजली. सगळं अंग दाराकडं ओढ घेत होतं, आणि पाय हलत नव्हते. वीस वर्षं त्यानं त्या पायांना हलायचं नाही म्हणून शिकवलं होतं. आईकडं न बघता त्यानं पुढच्या माणसाच्या हातावर तुकडा ठेवला. मग त्याच्या पुढच्या. आवडाबाई तिथंच बाजूला गुडघ्यांवर, हातात तुकडा धरून बसून राहिली. एकोणिसाव्या माणसाच्या हातात तुकडा पडला, तशी शमुवेलनं धाव घेतली.

धान्याच्या खोलीचं दार बिजागरीतून निघालं होतं. कुलूप शाबूत होतं. नबीसाब आत, ज्वारीच्या पोत्यांना टेकून पडला होता, आणि लुगड्याचा तो तुकडा त्यानं तोंडावर ओढून घेतला होता. शमुवेलनं त्याच्या गळ्याला हात लावून पाहिला. अंग गरम होतं. जीव जाऊन थोडाच वेळ झाला होता, चार-पाच माणसांना भाकर द्यायला लागतो तेवढा. शमुवेल तोंडावर हात दाबून भिंतीशी बसला आणि गुरासारखा ओरडला.

गाडी वेळेवर आली. बाराला दहा कमी. सुभेदार उतरला, आत डोकावला, टोपी काढली, परत घातली. बाहेर लिंबाखाली चौघं बसले होते. कुणी पळालं नव्हतं. बन्सीच्या शेजारी कुऱ्हाड पडली होती.

"किसने किया?" सुभेदारानं विचारलं.

आवडाबाई शेताच्या बांधावर उभी होती. शमुवेलनं तिच्याकडं पाहिलं. मग तो बोलला, तोडक्या हिंदीत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बन्सी कडूबा त्रिभुवन. मेरा सगा भाई. और ये तीन." त्यानं तिघांची नावं बापाच्या नावासकट सांगितली. आवडाबाईनं त्याला अडवलं नाही.

सुभेदारानं कागद काढला नाही. "पादरी साहब, मुझे ज़िंदा आदमी लाने का हुकुम था. मुर्दे का मेरे पास कोई हुकुम नहीं. थाने में जब नया अमला आएगा, तब लिखवा देना."

"कब आएगा?"

"ये मुझे नहीं मालूम. इस सड़क पर आज सुबह से ये सातवाँ है." त्याच्या डोळ्यांना जागरणाची सूज होती. तो वाईट माणूस नव्हता. "दफ़ना दीजिए. इज़्ज़त से दफ़ना दीजिए."

"इनको ले जाव," शमुवेल म्हणाला. "साहब, ले जाव इनको. न्याय तुमारे हात में है, मैंने लोगों को यही बताया है. तुम नहीं लेके गया तो मैं क्या बोलूँगा उनको? लिखके तो लेव. नाम तो लिखके लेव."

गाडी सुरू झाली. शमुवेल मागच्या फळीला धरून चालू लागला, मग पळू लागला. आतले दोन शिपाई त्याच्याकडं अवघडून बघत होते. लिहून घ्या, लिहून घ्या, असं तो म्हणत राहिला, हिंदी संपली तसं मराठीत. जालना रस्त्याला लागताना गाडीनं वेग घेतला आणि त्याचे हात सुटले. तो खडीवर तोंडावर पडला.

मागून कुणीतरी धावत आलं. बन्सी होता. त्यानं वाकून भावापुढं हात केला. मनगटापर्यंत तो अजून धुतलेला नव्हता. "ऊठ दादा," तो म्हणाला. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. दुसरं कुणी येणार नव्हतं, म्हणून शमुवेलनं तो हात धरला.