लाल जाकीट

एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या नेपाळी बाईच्या, पासांग ल्हामूच्या, नावाचं ते शिखर. उन्नती त्यावर पोचली. तिच्याच बरोबर दोन वर्षं सरावासाठी पाठीवर वाळू घेऊन नागपुरातले जिने चढलेली मेघा मात्र शेवटच्या तंबूत ओकत पडली. वर निघताना उन्नतीच्या जाकिटाची चेन तुटली, तेव्हा आपलं लाल जाकीट मेघानेच काढून दिलं. कुठून सुचलं कोण जाणे!

आज रामदासपेठेत उन्नतीचा सत्कार होता. मेघाचे हात टाळ्या वाजवत होते आणि पोटात दुखत होतं. तेवढ्यात पडद्यावर शिखरावरचा फोटो आला. गॉगल-कानटोपीत चेहरा दिसतच नव्हता. दिसत होतं ते छातीवर कामठीच्या शिंप्याने भरलेलं नाव: मेघा.

स्टेजवरून उतरून उन्नतीने घडी केलेलं जाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. "पाह्य वं, तुले वर नेलं मी."

मेघा हसली. घरी येताच तिने ब्लेड घेतलं आणि नावाचा एकेक टाका उसवला. ती जिथे पोचली नाही तिथे तिचं नाव जाऊन आलं होतं, आणि तिला त्याचंही बघवत नव्हतं.